ओटीत आलेले बाळ आणि पहिले पंधरा दिवस

व्यापारी घराण्यांना दत्तक हा शब्द नवा नाही. थोरल्या भावाला मूल नसले की धाकट्याचा मुलगा त्याच्या ओटीत घालायचा, पेढीचे नाव पुढे चालवायचे, ही रीत मराठवाड्यात स्थिरावलेल्या मारवाडी, गुजराती आणि सैतवाळ घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. जैनांच्या रूढीत दत्तकविधानाला पिंडदानाचा आधार कधी नव्हता. तो घराचा आणि मालमत्तेचा लौकिक व्यवहार मानला गेला. म्हणूनच १८७८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने शिवसिंग राय विरुद्ध दाखो या खटल्यात, जैन विधवेला पतीची पूर्वपरवानगी नसतानाही दत्तक घेता येते, ही रूढी मान्य केली. पुढे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात जैनांचाही समावेश झाला, आणि नोंदणीकृत दत्तकपत्र हा नात्यातील दत्तकाचा रूढ मार्ग बनला.

या जुन्या पद्धतीत एक प्रश्न सहसा उद्भवत नसे. ओटीत येणारा मुलगा त्याच वाड्यात, त्याच भाषेत, त्याच माणसांत वाढलेला असे. काकीला तो आई म्हणू लागे, एवढाच फरक. आज मात्र लातूर-नांदेडकडची जी दांपत्ये मूल दत्तक घेतात, त्यांच्या घरी येणारे बाळ बहुधा परक्या जिल्ह्यातले, पुष्कळदा परक्या राज्यातले असते. त्याने ज्यांचा आवाज ऐकला ती माणसे वेगळी, अंगाला लागलेला हात वेगळा, कानावर पडलेली भाषा वेगळी. पूर्वी दत्तक वारसासाठी होते, आता ते मुलासाठी आहे. आणि म्हणूनच, हे मूल आपले कसे होते, हा प्रश्न प्रथमच खऱ्या अर्थाने उभा राहिला आहे.

कागदाची वाट

अनाथ, सोडून दिलेल्या अथवा स्वाधीन केलेल्या बालकाचे दत्तकविधान २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार आणि केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, नियमांनुसार होते. दांपत्याने काराच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची, समाजसेविकेने घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करायचा, आणि मग ज्येष्ठतेच्या यादीत वाट पाहायची. नोंदणी करताना राज्यांची पसंती देता येते. २०२२ च्या नियमांनुसार दोन वर्षांखालील बाळ हवे असेल तर पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ वर्षांहून अधिक असून चालत नाही. लग्न होऊन किमान दोन वर्षे झालेली असावी लागतात. ‘पुढच्या दिवाळीनंतर बघू’ असे म्हणत वर्षे घालवणाऱ्या दांपत्यांनी ही बेरीज आजच करून पाहावी.

एके दिवशी बाळाचा फोटो, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि बालअभ्यास अहवाल समोर येतो. ४८ तासांत ते बाळ आपल्यासाठी राखून ठेवायचे आणि ठरावीक मुदतीत संस्थेत जाऊन त्याला भेटायचे. पसंती कळवल्यावर बाळ दत्तकपूर्व पालकत्वासाठी दांपत्याच्या हाती दिले जाते. अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, १ सप्टेंबर २०२२ पासून, तो जिल्हाधिकारी देतात आणि त्यासाठी कायद्याने दोन महिन्यांची मुदत घालून दिली आहे. पुढील दोन वर्षे दर सहा महिन्यांनी समाजसेविका बाळाची प्रगती पाहायला येते.

हा मार्ग लांबचा वाटला तरी दुसरा नाही. एखाद्या रुग्णालयातून परस्पर ‘सोय’ करून मुद्रांकावर सही घेऊन बाळ घरी आणणे हे दत्तक नव्हे. मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा आणि एक लाख रुपये दंडाचा गुन्हा आहे. शिवाय अशा बाळाच्या मागे कोणाची फसवणूक झाली, कोणाची आई रडत बसली, हे कधीच कळत नाही. अहिंसा मानणाऱ्या घरात त्या अश्रूंवर पाळणा बांधला जाऊ नये.

चीनमधला सक्तीचा पंधरवडा

परक्या मुलुखात जाऊन बाळ आणायचे आणि त्याच प्रवासात त्याचे आईबाप व्हायचे, हा अनुभव जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये घेतला गेला. तेथील दत्तक कायदा १९९२ मध्ये अमलात आला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने परदेशी दत्तक जवळजवळ पूर्णपणे थांबवले. मधल्या तीन दशकांत दीड लाखाहून अधिक मुले परदेशी घरांत गेली. त्यांतील निम्म्याच्या आसपास अमेरिकेत. एक-अपत्य धोरणाच्या काळात सोडून दिलेल्या मुली त्यांत फार मोठ्या संख्येने होत्या.

त्या प्रवासाचा साचा ठरलेला असे. आठ-दहा दांपत्यांचा गट चीनमध्ये उतरायचा. प्रांताच्या राजधानीतील सरकारी कार्यालयात किंवा हॉटेलच्या दिवाणखान्यात एकामागून एक नावे पुकारली जायची आणि बाळे हातात दिली जायची. मग कागदपत्रे, पारपत्र, वैद्यकीय तपासणी. अमेरिकी कुटुंबांना व्हिसासाठी शेवटी ग्वांगझौ येथे थांबावे लागे. तेथील शामियान बेटावरच्या ‘व्हाइट स्वान’ हॉटेलच्या आवारात बाबागाड्या ढकलणाऱ्या नव्या आईबापांची रांगच दिसत असे. या सगळ्याला दोन आठवड्यांच्या आसपास काळ लागायचा.

हे दिवस सुखाचे होते असे नाही. बाळे तापाने फणफणत, दूध नाकारत, रात्र रात्र रडत. काही बाळे नव्या बापाला बिलगत आणि आईकडे पाहायलाही तयार नसत. काहींच्या बाबतीत उलटे होई. तरीही त्या पंधरवड्याने एक गोष्ट सक्तीने दिली, जी घरी राहून क्वचितच मिळाली असती. तेथे नातेवाईक नव्हते, कार्यालय नव्हते, दारावरची घंटा नव्हती. एका खोलीत दोन माणसे आणि एक बाळ. बाळाला भूक लागली की तोच हात, झोप आली की तोच खांदा, जाग आली की तोच चेहरा. सरकारी कागदांना लागणाऱ्या वेळेत नात्याचेही पहिले काम होऊन जाई.

या कहाणीला काळी बाजूही आहे. २००५ मध्ये हुनान प्रांतातील काही अनाथालयांनी पैसे मोजून बाळे मिळवल्याचे प्रकरण उघडकीस आले. मागणी आणि पैसा यांची गाठ पडली की मूल माल बनते, हे त्यातून जगाने पाहिले. भारतात परदेशी दत्तकावर न्यायालयीन शिस्त आली ती १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. मुलाला आधी देशातच घर मिळावे आणि ते न मिळाल्यासच परदेशाचा विचार व्हावा, हे तत्त्व तेथून रुजले.

लातूरच्या दांपत्याला चीनला जायचे नाही. पण त्या हॉटेलातील पंधरवडा आपल्या घरी कसा घडवायचा, हे शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे बाळ आज हाती येते, उद्या घर गाठते, आणि परवा पन्नास माणसे त्याला मांडीवर घेऊन जातात.

बाळ काय सोडून येते

सात-आठ महिन्यांचे बाळ ओळखीचे आणि अनोळखी माणूस यांत फरक करू लागते. संस्थेतील ज्या ताईने किंवा मावशीने त्याला दूध पाजले, न्हाऊ घातले, तिचा वास आणि आवाज त्याच्या जगाचा मध्य असतो. आपल्यासाठी जो आनंदाचा क्षण, तो बाळासाठी सगळे परिचित एकदम नाहीसे होण्याचा क्षण असतो. ते रडते तेव्हा आईबापांना नाकारत नसते. आपल्या मावशीला शोधत असते.

याहून जपून पाहावे असे बाळ म्हणजे न रडणारे. ‘किती गुणाचं आहे, कोणाकडेही जातं, रडत म्हणून नाही,’ असे कौतुक होते. पण कोणाकडेही जाणे म्हणजे अजून कोणीच आपले नसणे असू शकते. रडून उपयोग होत नाही हे ज्याला फार लवकर कळले, ते बाळ गप्प राहायला शिकते. अशा बाळाने काही आठवड्यांनी आई खोलीबाहेर जाताच भोकाड पसरले, तर घरातल्यांनी काळजी करू नये. हरवण्याची भीती वाटावी असे माणूस त्याला प्रथमच मिळालेले असते.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, बालकाला अन्नाइतकीच एका स्थिर, प्रेमळ व्यक्तीच्या सहवासाची गरज असते, हे ठामपणे मांडले. २००० पासून रुमानियातील बुखारेस्ट येथे अनाथालयातील १३६ लहान मुलांचा अभ्यास झाला. निम्म्या मुलांना पालक-कुटुंबांत ठेवले गेले. जी मुले दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली, त्यांची बुद्धी आणि माणसांशी नाते जोडण्याची शक्ती यांत अधिक सुधारणा दिसली. मोठ्या मुलाला घर देऊन उपयोग नाही, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक महिना मोलाचा आहे, एवढाच आहे.

संबलपूर ते नांदेड

समजा, लातूरच्या एखाद्या दांपत्याला ओडिशातील संस्थेतले नऊ महिन्यांचे बाळ मिळाले. लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठायचे आणि तेथून नागावली एक्सप्रेसने सिकंदराबाद, विशाखापट्टणमवरून संबलपूरकडे जायचे. एका बाजूचाच प्रवास दिवसाहून अधिक. अशा वेळी सकाळी पोहोचून संध्याकाळी परतीची गाडी धरण्याचा हिशेब करू नये. संस्थेची परवानगी घेऊन तीन-चार दिवस त्याच गावात मुक्काम करावा. रोज जाऊन बाळाजवळ बसावे. पहिल्या दिवशी उचलून घेण्याची घाईही नको. मावशी दूध पाजते तेव्हा आईने शेजारी बसावे, दुसऱ्या दिवशी मावशीच्या समोर आईने पाजावे. बाळ मावशीच्या नजरेकडे पाहते. तिच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला की त्याचाही थोडा वाढतो.

मावशीला विचारायच्या गोष्टींची यादी खिशात असावी. दुधाची पावडर कोणती, किती पाण्यात किती चमचे, झोपवताना थोपटतात की झुलवतात, दिवा लावून की अंधारात, पोटावर की कुशीवर, कोणत्या नावाने हाक मारतात. बाळ ज्या चादरीत झोपते ती न धुता मागून घ्यावी. परक्या घरी पहिल्या रात्री तो ओळखीचा वास फार मोठा आधार असतो. जुने नाव एका दिवसात पुसू नये. नवे नाव जुन्याला जोडून काही आठवडे हाका माराव्यात. झोपवताना मावशी जे दोन-चार ओडिया शब्द म्हणते ते पाठ करावेत, चुकीच्या उच्चारात का होईना. लसीकरणाचे कार्ड, रक्ततपासणीचे अहवाल आणि वजनाची नोंद यांच्या प्रती हातपिशवीत ठेवाव्यात.

गाडीत बाळ शक्यतो आईच्या किंवा वडिलांच्या अंगालगत असावे. अनोळखी सहप्रवाशांच्या हातोहात फिरू नये. उकळलेल्या पाण्याचा थर्मास, स्वच्छ वाट्या-चमचे, पावडरचा पुरेसा साठा जवळ असावा. वाटेत पावडर बदलली तर पोट बिघडते आणि सगळा प्रवास त्या धावपळीत जातो. घरी फोनवरून क्षणाक्षणाची खबर देण्याचे काम एकाच भावाकडे सोपवावे. हा प्रवास म्हणजे तिघांचा पहिला एकांत आहे.

घरी आल्यावर

खरी कसोटी उंबऱ्यावर आहे. गंजगोलाईतल्या दुकानाचे शेजारी, मोंढ्यातले आडते, माहेर, सासर, सगळ्यांना बाळ पाहायचे असते. त्यांचे प्रेम खरे असते. पण बाळाला त्या प्रेमातले हात मोजता येत नाहीत. म्हणून पहिले काही आठवडे एक साधा नियम सर्वांनी पाळावा: दूध पाजणे, न्हाऊ घालणे, झोपवणे आणि रडताना उचलणे ही चार कामे फक्त आईवडिलांनी करायची. बाकीच्यांनी बाळाकडे पाहून हसावे, बोलावे, खुळखुळा वाजवावा. मांडीवर घेण्यासाठी थोडे थांबावे. बारसे आणि मोठा समारंभ महिना-दीड महिना पुढे गेला तर काही बिघडत नाही.

या नियमाने सर्वांत जास्त दुखावते ती आजी. तिच्याशी हे आधीच, बाळ येण्यापूर्वी, नीट बोलावे. बाळाची आई घडवण्याचे काम तिच्याकडे आहे, हे तिला सांगावे. सून रात्र जागली असेल तर सकाळचा स्वयंपाक तिने उचलायचा, पाहुण्यांना तिने थोपवायचे. घरातल्या ज्येष्ठ स्त्रीने ‘बाळ झोपलंय, पुढच्या महिन्यात या’ असे म्हटले की कोणाची हरकत उरत नाही.

चौविहार पाळणाऱ्या घरांत आणखी एक गोष्ट आधी ठरवावी. सूर्यास्तानंतर चूल बंद होते, पण बाळाला रात्रीचे दूध लागते. आईच्या खोलीतच थर्मास, पावडर आणि वाट्यांची मांडणी करून ठेवली की रात्री कोणाला उठावे लागत नाही. उकळलेले पाणी तर जैन घरात असतेच. बाळासाठी ती सवय वरदानच ठरते.

वडिलांच्या रजेचे काय? नोकरदार स्त्रीने तीन महिन्यांखालील बाळ दत्तक घेतल्यास कायद्याने तिला बारा आठवड्यांची रजा मिळते. व्यापाऱ्याला मात्र कोणी रजा देत नाही. ती त्याने स्वतःच मंजूर करायची असते. बाळाची वार्ता सोयाबीनच्या आवकेत येईल की तुरीच्या, हे सांगता येत नाही. हंगाम दरवर्षी येतो. बाळाचे पहिले पंधरा दिवस एकदाच येतात. भावाने, भागीदाराने, जुन्या मुनीमजींनी पंधरा दिवस गल्ला सांभाळला, तर बाळाच्या भेटीत त्याहून मोठे दुसरे काही नसेल.

एक गोष्ट घरात उघडपणे बोलली जावी. बाळ हाती आले की आईच्या मनात प्रेमाचा पूर येईलच असे नाही. काही स्त्रियांना पहिले आठवडे केवळ थकवा आणि धास्ती जाणवते; ‘एवढी वर्षं वाट पाहिली आणि आता आतून काहीच का वाटत नाही’ या विचाराने त्या मनात कुढत राहतात. यात त्यांचा दोष नाही. पोटी मूल झालेल्या आयांनाही असे होते. नाते रोजच्या कामांतून साचत जाते, जसे भांडवल रोजच्या छोट्या व्यवहारांतून साचते. उदासी आठवड्यांमागून आठवडे टिकली, झोप-भूक उडाली, तर समाजसेविकेशी आणि डॉक्टरांशी विनासंकोच बोलावे.

आणि सत्य लपवू नये. मुलाला समजू लागल्यापासून, गोष्टीसारखे, हसतखेळत सांगावे की तू आम्हाला कसा मिळालास. जे घरी प्रेमाने कळते ते चौकात कोणी टोमण्याने सांगितले तरी बोचत नाही. अठरा वर्षांनंतर आपले मूळ शोधण्याची वाट नियमांनीही मुलासाठी मोकळी ठेवली आहे.

या मातीने पाहिलेले

लातूर जिल्ह्याला निराधार मुलांचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळी शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबाद भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. समाजाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. वसतिगृह मुलाला अन्न, वस्त्र, विद्या देऊ शकते आणि संकटात तेच हवे असते. तान्ह्या बाळाला मात्र याखेरीज एक कूस लागते, आणि ती संघटनेला देता येत नाही. ती एका घरालाच द्यावी लागते.

मराठी समाजापुढे याचा आदर्श जुना आहे. महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, त्याला यशवंत हे नाव दिले आणि डॉक्टर केले. जात, कुळ, लोक काय म्हणतील, यांतले काही त्यांनी विचारले नाही.

जैन कथापरंपरेत तर एका व्यापाऱ्याचीच गोष्ट आहे. कौशांबीच्या बाजारात विकायला उभी असलेली वसुमती धनावह श्रेष्ठींनी घरी आणली आणि मुलगी मानली. तीच पुढे चंदनबाला, भगवान महावीरांच्या साध्वीसंघाची प्रमुख झाली. पण कथा येथेच संपत नाही. श्रेष्ठींनी तिला मनाने स्वीकारले होते, त्यांच्या पत्नीने, मूलाने, नव्हते. श्रेष्ठी कामासाठी बाहेर गेले आणि त्या तीन दिवसांत मुलीचे मुंडन झाले, पायांत बेड्या पडल्या, ती कोंडली गेली. उदार मनाच्या एका माणसाने मूल घरी आणणे पुरेसे नसते. सगळ्या घराने त्याला आत घ्यावे लागते, ही शिकवण त्या कथेत स्पष्ट आहे.

म्हणून ज्या घरांत आज दत्तकाचा विचार चालू आहे, तेथे नोंदणीचा अर्ज भरण्याच्या दिवशीच सासू-सासरे, दीर-जावा, भागीदार अशा सगळ्यांनी एकत्र बसावे. त्या बैठकीत मुलाचे नाव ठरले नाही तरी चालेल. पहिल्या पंधरा दिवसांत दुकानाची किल्ली कोणाकडे राहील, स्वयंपाक कोण पाहील आणि दारावर पाहुण्यांना कोण थोपवील, एवढे मात्र ठरावे.